गृहतापन बाष्पकांवरील अल्पजल विच्छेदक : बसवणी व चाचणी यांचे शास्त्रीय विवेचन

गोषवारा : शीत प्रदेशांतील घरे उबदार ठेवण्यासाठी तळघरात बसविलेल्या बाष्पकांमध्ये पाण्याची पातळी घसरली असता ज्वाला आपोआप बंद करणाऱ्या साधनास अल्पजल विच्छेदक म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या साधनाची आवश्यकता, त्याचे दोन प्रमुख प्रकार, बसवणीतील दक्षता आणि मुख्यतः चाचणीच्या पद्धती यांचा विचार केला आहे. झटपट चाचणी यशस्वी होऊनही साधन निकामी असू शकते, हा मुद्दा विशेषत्वाने मांडला आहे.

बीजसंज्ञा : बाष्पक, अल्पजल विच्छेदक, सुरक्षा झडप, फ्लोट, शलाका, मंद निचरा चाचणी.

प्रास्ताविक

एकेकाळी महाराष्ट्रातील घरोघरी न्हाणीजवळ तांब्याचा बंब असे. मधल्या नळकांड्यात जाळ आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना. बंब पेटविण्यापूर्वी पाणी भरले आहे ना, हे पाहण्याची शिस्त घरातील लहान मुलांनाही लावलेली असे, कारण कोरड्या बंबात जाळ झाला की सांध्यांची झाळ वितळे आणि बंब गळू लागे. बंब वरून उघडा असल्याने नुकसान तेवढ्यावरच थांबत असे. हेच पात्र बंद केले, त्यावर दाब आणला आणि जाळाजवळ कोणीही बसलेले नाही अशी व्यवस्था केली, तर काय होईल, हा प्रश्न म्हणजेच या लेखाचा विषय होय.

अमेरिकेच्या ईशान्य भागातील, म्हणजे बॉस्टन, न्यूयॉर्क, न्यू जर्सी या परिसरातील, जुन्या घरांच्या तळघरांत आजही वाफेची किंवा गरम पाण्याची बाष्पके आहेत. तेथून निघणारी वाफ अथवा पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतील बिडाच्या रेडिएटरांपर्यंत पोहोचते. आपल्या महाविद्यालयांतून उच्च शिक्षणासाठी तिकडे जाणारे विद्यार्थी बहुधा अशाच जुन्या घरांत भाड्याने राहतात. खोलीतील रेडिएटर त्यांना परिचयाचा होतो, परंतु तळघरातील यंत्राकडे सहसा कोणी फिरकत नाही. हे यंत्र महाराष्ट्रात घरगुती स्वरूपात जवळजवळ आढळत नाही. तथापि त्यामागील तत्त्व आपल्या प्रयोगशाळांतही उपस्थित आहे. त्याकडे लेखाच्या उत्तरार्धात वळू.

पाणी कमी होणे धोक्याचे का?

बर्नरच्या ज्वाळेतील वायूंचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते, तरीही बाष्पकाचे बीड किंवा पोलाद तापून लाल होत नाही. याचे श्रेय पलीकडच्या बाजूस असलेल्या पाण्याचे आहे. उकळते पाणी धातूतील उष्णता सतत शोषून घेते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. घरगुती वाफ यंत्रणा जेमतेम २ पौंड प्रति चौरस इंच इतक्या अल्प दाबावर चालत असल्याने आतील पाण्याचे तापमान १०४ अंशांच्या आसपास राहते आणि धातूही त्याच्या फार वर जात नाही. पाणी खाली सरकले की उघडा पडलेला धातू मात्र क्षणोक्षणी तापू लागतो, कारण वाफ उष्णता वाहून नेण्यात पाण्याच्या तुलनेने फारच दुबळी आहे.

पाणी किती वेगाने संपू शकते याचा हिशोब करून पाहण्याजोगा आहे. ३० किलोवॅट उष्णता पाण्यास मिळत असेल, तर दर सेकंदास सुमारे १३ ग्रॅम, म्हणजे ताशी सुमारे ४८ लिटर पाण्याची वाफ होते. यंत्रणा निर्दोष असेल तर ही वाफ रेडिएटरांत थंड होऊन पाण्याच्या रूपाने परत येते आणि पातळी टिकते. परंतु परतीचा नळ फुटला, तो गाळाने तुंबला किंवा वाफेच्या झडपा गळू लागल्या, तर हे पाणी परत येत नाही. काचनळीत दिसणारा पाण्याचा पट्टा जेमतेम काही इंचांचा असतो, आणि तो दिसेनासा होण्यास फार वेळ लागत नाही.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उपस्थित होते. सुरक्षा झडप असताना निराळ्या साधनाची गरज काय? तिचे उत्तर असे की, सुरक्षा झडप दाबास प्रतिसाद देते, पाण्याच्या अभावास नव्हे. घरगुती वाफेच्या बाष्पकावरील झडप १५ पौंडांस व गरम पाण्याच्या बाष्पकावरील झडप सर्वसाधारणपणे ३० पौंडांस उघडते. पाणी गळून गेलेल्या बाष्पकात दाब वाढेलच असे नाही. उलट तो शून्यावरही येऊ शकतो. झडप मुकाट बसून राहते आणि धातू मात्र जळत असतो. तापमान नियंत्रकाचीही गत हीच. त्याचा संवेदक पाण्यात बुडालेल्या नळीत बसविलेला असतो. पाणी गेले की ती नळी रिकाम्या जागेत लोंबकळते, आणि जवळचा धातू लाल झाला तरी संवेदकास त्याची जाणीव उशिरा किंवा अपुरी होते. दाब, तापमान आणि पाणी यांचे पहारेकरी वेगळेच असावे लागतात; एकाने दुसऱ्याची पाळी करावी, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

सर्वांत भीषण प्रसंग त्यानंतरचा. घरमालकास पाणी नाही असे दिसते आणि तो घाईने पाण्याची तोटी सोडतो. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडताच बिडास तडे जातात. त्याखेरीज पाण्याची एकदम वाफ होते, आणि वातावरणीय दाबास वाफेचे आकारमान पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक असते. म्हणून नियम असा की, बाष्पक कोरडे आढळल्यास प्रथम इंधन व वीज बंद करावी, पाणी मुळीच घालू नये आणि यंत्र स्वाभाविकपणे पूर्ण थंड होऊ द्यावे. यास काही तास लागले तरी ते लागू द्यावेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पाण्याच्या पातळीचे रक्षण करण्याचे पहिले ठळक साधन इंग्लंडमध्ये निर्माण झाले. १८०३ साली ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेविथिक यांच्या उच्चदाब इंजिनाचे बाष्पक फुटून मनुष्यहानी झाली. त्यानंतर ट्रेविथिक यांनी बाष्पकाच्या भट्टीवरील पत्र्यात शिशाचे बूच बसविण्याची योजना केली. पाणी खाली गेले की बूच वितळते आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरच्या झाकणावरील वितळणारी सुरक्षा झडप हीच कल्पना घेऊन आलेली आहे. पाणी न घालता कुकर चढविला की ती ‘उडते’, हा अनुभव बहुतेक घरांत आहे.

अमेरिकेत २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथील ग्रोव्हर पादत्राण कारखान्यात बाष्पकाचा स्फोट होऊन ५८ जण मृत्युमुखी पडले. त्यातून त्या राज्याचे नियम आणि पुढे अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेची १९१५ साली प्रसिद्ध झालेली बाष्पक संहिता आकारास आली. आपल्याकडे कलकत्त्यातील १८६३ च्या स्फोटानंतर १८६४ साली बंगालमध्ये कायदा झाला. पुढे १९२३ चा भारतीय बाष्पक अधिनियम आणि १९५० ची विनियमावली आली. १९२३ च्या अधिनियमाची जागा आता २०२५ च्या बाष्पक अधिनियमाने घेतली आहे. २५ लिटरांहून कमी क्षमतेची, प्रति चौरस सेंटिमीटर एक किलोग्रॅमहून कमी दाबाची अथवा शंभर अंशांच्या आतच पाणी तापविणारी पात्रे भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. अर्थात, ज्या यंत्रांचा येथे विचार चालला आहे ती आपल्या कायद्याने बहुतांशी बाष्पके ठरणारच नाहीत.

वितळणाऱ्या बुचाचा उपयोग मर्यादित आहे. कोळशाची भट्टी एका क्षणात विझविता येत नाही, म्हणून बूच केवळ सूचना देई आणि पुढील काम भट्टीवाला करी. १९२० च्या दशकापासून तेलाचे स्वयंचलित बर्नर घरांत येऊ लागले. भट्टीजवळचा माणूस गेला, परंतु जाळ विजेच्या एका कळीने बंद करण्याची सोयही त्याच वेळी झाली. अल्पजल विच्छेदक हे या दोन गोष्टींचे अपत्य आहे.

फ्लोट व शलाका

पहिल्या प्रकारात बाष्पकाच्या बाजूस बिडाचा एक कक्ष असतो. वर वाफेच्या व खाली पाण्याच्या नळाने तो बाष्पकाशी जोडलेला असल्याने दोहोंतील पातळी सारखी राहते. कक्षातील पोकळ गोळा पातळीबरोबर खालीवर होतो व ठरावीक खोलीवर विद्युत कळ उघडून बर्नरचा पुरवठा तोडतो. गच्चीवरील टाकीतील बॉलकॉक ज्याने पाहिला आहे त्यास ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. तिचा गुण म्हणजे साधेपणा आणि दोष म्हणजे गाळ. पाण्याबरोबर वाहत येणारा गंज व गाळ नेमका या संथ कक्षात बसतो आणि कालांतराने गोळ्याखाली त्याचा थर साचतो. पाणी उतरले तरी गोळा त्या थरावर टेकून राहतो.

दुसऱ्या प्रकारात धातूची एक शलाका बाष्पकाच्या भिंतीतून आत सोडलेली असते. तिच्यातून अल्प व्होल्टतेचा प्रत्यावर्ती प्रवाह पाण्यात जातो व बाष्पकाच्या देहामार्गे परत येतो. पाणी असेल तर परिपथ पूर्ण होऊन रिले ओढलेला राहतो. पाणी सरले की रिले सुटतो आणि बर्नर बंद पडतो. एकदिश प्रवाह न वापरण्याचे कारण रसायनशास्त्राच्या अध्यापकांस सहज कळेल : त्याने शलाकेवर विद्युत अपघटन होऊन थर जमला असता. ओढलेला रिले म्हणजे ‘पाणी आहे’ ही योजना जाणीवपूर्वक केलेली असते. त्यामुळे तार तुटली अथवा वीज गेली तरी यंत्रणा सुरक्षित बाजूसच कलते. उसळत्या पाण्याने वारंवार बर्नर बंद होऊ नये म्हणून परिपथात काही सेकंदांचा विलंब ठेवतात. काही साधने तर ठरावीक अंतराने बर्नर थांबवून फेस बसू देतात आणि मगच खरी पातळी पाहतात.

शलाकेलाही व्याधी आहेच. शलाका व धातूचा देह यांच्यामधील विद्युतरोधक बाहीवर क्षारांचा किंवा चिखलाचा ओला पूल तयार झाला, तर प्रवाह पाण्यावाचूनही परत येऊ लागतो. साधनास तेव्हा कोरडे बाष्पकही भरलेलेच भासते.

बसवणीतील दक्षता

हे काम परवानाधारक कारागिराचे आहे; घरमालकाने ते स्वतः अंगावर घेऊ नये. मात्र काम नीट झाले की नाही हे त्यास ओळखता आले पाहिजे.

वाफेच्या बाष्पकात विच्छेदकाची क्रियापातळी अशी असावी की, पाणी काचनळीच्या दृश्य भागाच्या खाली जाण्यापूर्वीच इंधन बंद व्हावे. काचेत पाणी दिसत नाही आणि बर्नर मात्र चालू आहे, अशी स्थिती कधीही येता कामा नये. फ्लोटचा कक्ष जोडणारे नळ किमान एक इंच व्यासाचे असावेत. वळणावर साध्या कोपऱ्याऐवजी चौफुली वापरून तिची रिकामी तोंडे बुचांनी बंद करतात, जेणेकरून बूच काढून आत सळई घालता यावी. हा खर्च वाचविणारे कारागीर सर्वत्र भेटतात. बाष्पक आणि विच्छेदक यांच्यामध्ये घरगुती बसवणीत कोणतीही झडप असू नये, कारण ती कोणीतरी, केव्हातरी बंद करून विसरतो.

गरम पाण्याच्या बाष्पकात संपूर्ण यंत्रणाच पाण्याने भरलेली असते. म्हणून विच्छेदक बाष्पकाच्या वर, निघणाऱ्या नळावर, झडपेच्या अलीकडे बसवितात. जेथे हवा अडकून राहील असा उंचवटा टाळावा. अन्यथा हवेच्या बुडबुड्यातील शलाका अकारण बर्नर बंद पाडते आणि वैतागलेला मालक तिला वळसा देणारी तार जोडून मोकळा होतो. शलाकेचे टोक आतील कोणत्याही धातूस टेकणार नाही हेही पाहावे लागते. शलाकेच्या आट्यांवर नळकारागिरांची आवडती टेफ्लॉन फीत गुंडाळू नये, असे उत्पादक बजावतात. प्रवाहास परत जाण्याची वाट त्या आट्यांतूनच असते आणि फीत ती अडवू शकते. लेप लावायचाच तर तो बेताने लावावा.

विद्युत जोडणीत विच्छेदक, दाब नियंत्रक व तापमान मर्यादक ही साधने एकसरीत असतात. कोणतेही एक उघडले की बर्नर थांबतो. गरम पाण्याच्या यंत्रणेत हाताने पूर्ववत करावा लागणारा विच्छेदक अधिक इष्ट, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बंद यंत्रणेतून पाणी जाणे ही नित्याची घटना नसल्याने कोणीतरी तळघरात उतरून कारण शोधणे आवश्यकच असते.

वाफेच्या यंत्रणेत विच्छेदकाबरोबर स्वयंचलित पाणीपुरवठाही जोडतात. ही सोय दुधारी आहे. गळती होत असतानाही पातळी टिकून राहते आणि मालकास काहीच कळत नाही. दरम्यान ताज्या पाण्याबरोबर येणारा ऑक्सिजन बाष्पक आतून कुरतडत राहतो. म्हणून पुरवठ्यावर किती पाणी गेले हे दर्शविणारा मापक असावा आणि त्याचा आकडा दरमहा लिहून ठेवावा.

चाचणी

फ्लोट प्रकाराच्या विच्छेदकाची तापनाच्या हंगामात दर आठवड्यास झाडणी करावयाची असते. बर्नर चालू असताना, दाब अल्प असताना, कक्षाखालील झडप उघडून गढूळ पाणी बादलीत सोडतात. पातळी घसरताच बर्नर बंद पडला पाहिजे. पाणी स्वच्छ येऊ लागले की झडप मिटवितात, कक्ष पुन्हा भरतो आणि बर्नर सुरू होतो. पाणी पोळण्याइतके गरम असते, हे वेगळे सांगावयास नकोच. कमी झालेले पाणी भरल्यावर ते एकदा उकळू द्यावे, म्हणजे त्यातील विरघळलेली हवा निघून जाते.

ही झाडणी आवश्यक आहे, परंतु ती पुरेशी नाही, आणि हे अनेक जाणकारही विसरतात. कक्ष व बाष्पक यांना जोडणारा खालचा नळ गाळाने जवळजवळ तुंबला आहे, अशी कल्पना करावी. झाडणीची झडप उघडताच कक्षातील पाणी धाडकन निघून जाते, आणि बाष्पकाकडून भरपाई होत नसल्याने ते अधिकच वेगाने जाते. गोळा खाली येतो, बर्नर बंद पडतो, चाचणी यशस्वी. प्रत्यक्ष संकटात मात्र बाष्पकातील पाणी हळूहळू उतरत असताना तुंबलेल्या नळामागील कक्ष भरलेलाच राहील आणि गोळा तरंगत राहील. म्हणजे ज्या बिघाडामुळे साधन संकटसमयी दगा देणार, तोच बिघाड झटपट चाचणीत त्यास अधिक तत्पर भासवितो! शिवाय पाण्याच्या लोंढ्याने चिकटलेला गोळाही ओढला जातो. संकटात असा लोंढा येत नाही.

यावरील उपाय म्हणजे मंद निचरा चाचणी. हीत विच्छेदकाच्या कक्षातून नव्हे, तर बाष्पकाच्याच तळाच्या तोटीतून पाणी सावकाश सोडतात. बर्नर चालू असतो आणि परीक्षकाची दृष्टी काचनळीवर खिळलेली असते. पाणी काचेच्या खालच्या टोकास पोहोचण्यापूर्वी बर्नर बंद पडला पाहिजे. तसे न झाल्यास परीक्षकाने तत्क्षणी हाताने बर्नर बंद करावा. वाट पाहत बसू नये. निचऱ्यापूर्वी काचनळीच्या जोडण्या मोकळ्या आहेत याची खात्री करून घ्यावी, कारण काचच खोटी पातळी दाखवत असेल तर सारा प्रयोग निरर्थक, किंबहुना घातक ठरतो. ही चाचणी हंगामाच्या आरंभी, वार्षिक देखभालीच्या वेळी, तंत्रज्ञाकडून करवून घ्यावी.

शलाका प्रकाराच्या साधनांवर चाचणीची कळ असते. ती दाबली की दिवा लागतो व बर्नर थांबतो. परंतु ही कळ केवळ रिले आणि जोडणी यांची परीक्षा घेते. शलाकेवर किंवा बाहीवर काय साचले आहे, याचे ज्ञान तिला नसते. शलाकेची तार काढून पाहण्याच्या युक्तीसही हीच मर्यादा आहे. पाणी प्रत्यक्ष शलाकेच्या खाली नेऊन पाहणे हीच एक खात्रीची परीक्षा होय. वर्षातून एकदा शलाका बाहेर काढून मऊ कापडाने पुसावी व स्वच्छ पाण्याने धुवावी. धारदार वस्तूने खरवडल्यास बाहीवर ओरखडे पडतात आणि त्यांत पुढील थर अधिक घट्ट बसतो. दोन्ही प्रकारच्या साधनांना आयुर्मर्यादा आहे. फ्लोट प्रकाराचे एक प्रमुख उत्पादक आपली साधने दहा वर्षांनी बदलावीत असे सुचवितात. चालू आहे म्हणून ठेवले, हा युक्तिवाद येथे टिकत नाही, कारण हे साधन ‘चालताना’ कधी दिसतच नाही.

आपल्या प्रयोगशाळांतील स्थिती

सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील ऑटोक्लेव्ह आणि रसायनशास्त्र विभागातील ऊर्ध्वपातित पाण्याचे विद्युत संयंत्र, ही दोन्ही तत्त्वतः याच जातीची यंत्रे आहेत. ऑटोक्लेव्हच्या तळाशी असलेली तापन कुंडली पाण्याखाली बुडालेली असावी लागते. ऊर्ध्वपातन संयंत्रात नळाचे पाणी गेले आणि विच्छेदक नसला किंवा निकामी असला, तर कुंडली उघडी पडून जळते. जेथे हे साधन बसविलेले आहे, तेथेही त्याची परीक्षा ‘दिवा लागतो’ एवढ्यावर आटोपली जाते आणि वार्षिक जडसंग्रह पडताळणीच्या पत्रकावर सही होते. ऑटोक्लेव्हमध्ये ही परीक्षा झाकण उघडे ठेवून, दाबाशिवाय घेता येते. पाणी कुंडलीच्या वर भरून वीज चालू करावी, तळाच्या तोटीतून पाणी सावकाश सोडावे आणि कुंडली उघडी पडण्यापूर्वी वीज तुटते का, हे पाहावे. प्रयोगशाळा सहायकाचा एक हात या वेळी मुख्य कळीवरच असावा. पाणी कोमट असतानाच परीक्षा घेतल्यास पोळण्याचे भयही राहत नाही. वीज कोणत्या पातळीस तुटली, हे कुंडलीपासून मोजून यंत्राजवळच्या नोंदवहीत दिनांकासह लिहावे. पुढील सत्रात ती पातळी खाली सरकलेली आढळली, तर पाण्यातील क्षारांचा थर शलाकेवर अथवा गोळ्यावर चढू लागला आहे असे समजून ते साधन तेव्हाच काढून साफ करावे.